तिखटाचा भाव कोण ठरवणार?

मार्च जवळ आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. संस्थांचे प्रकल्प आर्थिक वर्षाला बांधलेले असतात, त्यामुळे ३१ मार्चनंतर काय, हा प्रश्न गावोगावच्या बायांना एकदमच पडतो. या वेळी पाच पत्रं घेतली आहेत. पहिल्याला सगळ्यांत जास्त जागा दिली, कारण तसंच पत्र कुहीहूनही येतं आणि पवनीहूनही. फक्त तिखटाच्या जागी हळद किंवा पापड असतात. या भागातल्या गटांच्या हिशेबाच्या वह्या बघण्यातच माझी नोकरी गेली. म्हणून उत्तरातही वहीच जास्त येईल.

ताई, आम्ही भिवापूर तालुक्यातल्या एका गटाच्या दहा बाया आहो. तीन वर्षांपासून तिखट करून राहिलो. मिरची गावातूनच घेतो, कांडप यंत्र एकीच्या घरी आहे. संस्थेची गाडी यायची, माल नागपूरला न्यायची आणि पाव किलोच्या पाकिटाचे ८० रुपये आमच्या खात्यात यायचे. आता संस्थेचे भाऊ म्हणतात, मार्चनंतर प्रकल्प बंद, गाडी येणार नाही. आम्हीच नागपुरात नेऊन त्याच भावानं विकलं तर चालेल काय? अर्ध्या बाया म्हणतात, बंदच करून टाका.
— एक वाचिका, भिवापूर तालुका

ताई, बंद करू नका. पण ८० रुपयांनी यापुढे एकही पाकीट देऊ नका.

गटाच्या पुढच्या बैठकीत कागद घ्या आणि सगळ्यांसमोर हिशेब मांडा. मिरचीचा भाव रोज हलतो, म्हणून खालचे आकडे मी फक्त मांडणीपुरते धरले आहेत. त्या जागी तुमचे खरे आकडे घाला.

समजा ५० किलो वाळली मिरची २२० रुपयांनी घेतली. ११,००० रुपये झाले. देठं खुडली, माल पुन्हा उन्हात टाकला, मग कांडपातून काढला. हातात येतं साधारण ४३ किलो तिखट. बहुतेक गट इथेच फसतात: मिरची ५० किलो आणली म्हणून ५० नेच भागतात. कांडपाचे १,१०० धरा. पाव किलोची १७२ पाकिटं होतात. पिशवी आणि लेबल मिळून पाकिटाला ५ रुपये, म्हणजे ८६०. आतापर्यंत १२,९६० झाले. १७२ पाकिटं ८० रुपयांनी विकली तर येतात १३,७६०. तुमच्या वहीत "नफा ८०० रुपये" असं लिहिलेलं असेल, हे मी न बघताही सांगू शकते.

आता जे वहीत नाही ते लिहा. नागपूरपर्यंत माल न्यायचा खर्च, समजा ९००. वीज, खोलीचं भाडं, पाकीट बंद करायच्या मशीनची झीज, मिळून ५००. एवढ्यानेच तुमचे ८०० संपले आणि वर ६०० रुपये घरातून गेले. अजून मजुरी धरलेलीच नाही. पाच बाया तीन दिवस खपल्या तर पंधरा रोज होतात. तुमच्याकडे निंदणाला जी मजुरी मिळते ती लावा. ३०० धरली तर ४,५००. सगळं मिळून खर्च १८,८६० झाला, आणि पाव किलोचं पाकीट पडलं जवळजवळ ११० रुपयांना.

याचा अर्थ नीट समजून घ्या. या हिशेबानं बघितलं, तर तीन वर्षं प्रत्येक पाकिटामागे ३० रुपये कुणीतरी भरत होतं. गाडीचे पैसे संस्थेच्या प्रकल्पातून जात होते आणि उरलेला सगळा भार तुमच्या फुकटच्या कष्टांवर होता. प्रकल्प होता तोवर ते दिसलं नाही. ८० हा आकडा गटानं बसून कधी काढलाच नव्हता, तो तुम्हाला सांगितला गेला होता. संस्थेनं गाडी पाठवायच्या आधी ही वही तुमच्यासमोर उघडायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे. गावात उद्योग उभा करणाऱ्या संस्थेचं ते पहिलं काम आहे. माल उचलणं सोपं असतं आणि अहवालात ते छानही दिसतं. पण भाव काढणं बायांच्या हातात आलं नाही, तर प्रकल्पासोबत धंदाही जातो.

आता पुढचं. दुकानदाराकडे ठेवायचं म्हटलं तर तो छापील किमतीवर कमिशन मागेल. ते २० टक्के धरलं, तर छापील किंमत १५० लावावी लागते, तेव्हा तुमच्या हाती १२० येतात. शेजारीच मोठ्या कंपनीचं स्वस्त पाकीट टांगलेलं असतं. दुकानाच्या फळीवर ही लढाई तुम्ही आज लढू नये.

तुमचं खरं गिऱ्हाईक वेगळं आहे. नागपुरात मार्च ते मे या दिवसांत घरोघरी वर्षाचं तिखट भरून ठेवायची रीत आहे. पूर्वी लोक मिरची आणायचे, गच्चीवर वाळवायचे, देठं खुडायचे आणि कांडपावर रांग लावायचे. आता फ्लॅटला स्वतःची गच्ची नाही, आणि घरात दिवसभर कुणी नाही. खात्रीचं तिखट मात्र हवं आहे, तेही दोन-पाच किलोंनी. त्यांना पाव किलोची पाकिटं देऊ नका, किलोची द्या. तोच ५० किलोंचा हिशेब पुन्हा करा. पिशव्या ४३ च लागतात, आठ रुपयांची जाड पिशवी घेतली तरी ३४४ रुपये. भरण्याचं काम कमी, म्हणून पंधराऐवजी अकरा रोज, ३,३००. एकूण खर्च १७,१४४, म्हणजे किलोला ४०० च्या थोडा आत. ४५० नं विकलं तर प्रत्येकीची मजुरी पदरात पडून गटाच्या खात्यात २,२०० रुपये राहतात. पहिल्या हिशेबात ६०० चा खड्डा होता आणि मजुरी शून्य होती, हे बायांना मोठ्यानं वाचून दाखवा.

मागणी आधी घ्या, माल मागून करा. गटातली जिला फोनवर बोलायचा संकोच नाही अशी एक आणि जिचा हिशेब पक्का अशी एक, दोघींनी हे काम घ्यावं, आणि त्यांचा त्या दिवसाचा रोजही खर्चात धरावा. एका वस्तीत, एका इमारतीत वीस घरांनी मागणी नोंदवली आणि थोडी आगाऊ रक्कम दिली, की एका फेरीत सगळं पोचतं आणि गाडीभाडं वाटलं जातं.

मिरची हंगामातच घ्या. जानेवारीपासून वाळला माल येऊ लागतो तेव्हा गटातलं अंतर्गत कर्ज काढून किंवा बँकेचं कर्ज उचलून वर्षाचा साठा करा. पावसाळ्यात थोडी थोडी घेत बसलात तर भावात मार खाल. ठेवताना तिखट करून ठेवू नका, अख्खी मिरची ठेवा, रंग टिकतो. पोत्यात भरण्याआधी मूठभर मिरची कानाजवळ हलवून बघा. आतलं बी खुळखुळलं पाहिजे. नाही वाजलं, तर ओल आहे, आणि ओल असली की बुरशी धरते. ती डोळ्यांना दिसली नाही तरी पोटाला घातक असते.

एक गोष्ट जपून करा. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, नावाला मान आहे. पण आज तुमच्या आजूबाजूच्या शेतांत संकरित वाणही भरपूर आहेत. भिवापुरी मिरचीचंच तिखट असेल तेव्हाच पाकिटावर तसं लिहा. ते नाव व्यापारात वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. तालुका कृषी कार्यालयात त्याची चौकशी करा. दुसऱ्या मिरचीचं असेल तर साधं "तिखट" लिहा. ज्या घरानं विश्वासानं पाच किलो घेतलं, ते घर पुढच्या उन्हाळ्यात परत आलं पाहिजे. अन्न नोंदणीचा क्रमांक, वजन, भरल्याची तारीख आणि गटाचा पत्ता पाकिटावर हवाच, आणि काटा वैधमापनवाल्यांकडून तपासून घेतलेला हवा.

आणि मार्च संपायच्या आत संस्थेच्या भाऊंकडून हे मागून घ्या: नागपुरात आजवर तुमचं तिखट कुणाकुणाला गेलं त्यांची नावं आणि फोन, गटाची सगळी मूळ कागदपत्रं, आणि शेवटच्या फेरीत गाडीत तुमच्यापैकी दोघींना जागा. गिऱ्हाइकाच्या दारात तुमचा चेहरा जाऊ द्या. भाऊ चांगले असतील तर तेच आनंदानं घेऊन जातील.

आमच्या गटाची अध्यक्ष वही घरी ठेवते. विचारलं तर म्हणते, माझ्यावर विश्वास नाही का? भांडण नको म्हणून सगळ्या गप्प. काय करावं?
— एक सदस्य, कुही

विश्वास आहे म्हणूनच वही सगळ्यांसमोर उघडायची असते, असं प्रेमानं आणि सगळ्यांदेखत सांगा. बचत गटाची पंचसूत्री तुम्ही शिकलाच असाल: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब लेखन. त्यातलं पाचवं सूत्र सुटलं की बाकीची चार आपोआप सुटतात. यापुढे बैठकीची सुरुवातच मागच्या बैठकीचा हिशेब मोठ्यानं वाचून करा, आणि वाचणारी दर वेळी वेगळी असू द्या. ज्यांना अक्षरं येत नाहीत त्यांना आपला आकडा तोंडपाठ असतो. चूक झाली की त्या पहिल्यांदा पकडतात, हे मी पुष्कळदा बघितलं आहे. बँकेचं पासबुक भरून आणून सतरंजीवर मधोमध ठेवा. एवढं करूनही वही येत नसेल, तर ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या सगळ्या गटांच्या संघाच्या बैठकीत विषय मांडा आणि पदाधिकारी बदलण्याचा ठराव घ्या. गटाला तो अधिकार आहे. ठरावाची प्रत बँकेत दिल्यावर सह्याही बदलतात. पण आधी एकदा तिच्या घरी जाऊन बसा. कधी कधी हिशेब लिहायला न जमल्याची लाज असते आणि बाहेरून ती लपवाछपवी दिसते.

आम्ही चार मित्र मिहानमध्ये नोकरी करतो. घरं काटोल-नरखेडकडची. गावासाठी काही करावं, संत्र्यावर प्रक्रिया करणारे छोटे उद्योग उभे करावेत, म्हणून संस्था काढायची आहे. ट्रस्ट, सोसायटी की कलम ८ ची कंपनी, काय नोंदवावं?
— एक वाचक, नागपूर

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. कागदाचं आधी सांगून टाकते. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली निदान सात जण लागतात, तुम्ही चारच आहात. महाराष्ट्रात सोसायटीला पुढे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही धर्मादाय आयुक्तांकडे नोंद करावी लागते. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम ८ ची कंपनी दोघांतही निघते, पण दरवर्षीची विवरणपत्रं भरावी लागतात आणि सीएचा खर्च येतो.

मात्र या तिन्हींत एक गोष्ट समान आहे. त्यातला नफा सभासदांना वाटता येत नाही. मग उद्या संत्र्याच्या प्रक्रियेतून पैसा उरला तर तो शेतकऱ्याच्या घरी कसा जाणार? त्यासाठी शेतकरी उत्पादक कंपनी आहे. २००२ पासून कायद्यात ती सोय आहे, दहा उत्पादक एकत्र आले की ती नोंदवता येते आणि तिचे मालक तेच असतात. म्हणून ही दोन कामं पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. शिकवणं, ओळखी करून देणं, सुरुवातीला हाताशी उभं राहणं हे संस्थेचं. माल, मशीन, बँक खातं आणि भाव हे गावकऱ्यांच्या कंपनीचं किंवा गटाचं. मशीन संस्थेच्या नावावर घेतलं की गावातले लोक मजूर होतात. चांगल्या मनाच्या माणसांच्या हातूनही हे होतं, म्हणून इतकं ठासून सांगते आहे.

आणि नोंदणीला घाई करू नका. आधी संत्र्याचे दोन्ही बहार, म्हणजे फळांचे हंगाम बघा. आंबिया बहाराचा माल दिवाळीच्या आगेमागे येतो, मृगाचा फेब्रुवारीनंतर. दोन्ही वेळी बागेत, तोडणीवर आणि कळमन्याच्या बाजारात उभे राहा. चुरीचा माल, म्हणजे बारीक फळ, कुठे जातो आणि काय भावानं जातो ते लिहून काढा. प्रक्रियेसाठी तुम्हाला परवडणारा माल तोच असणार. नागपुरी संत्र्याची एक अडचण आधीच माहीत असू द्या: रस काढून ठेवला की काही वेळानं कडू होतो. फळातल्या लिमोनिनमुळे ते होतं. ताजा प्यायला जो रस अमृत लागतो, तो बाटलीत भरणं म्हणूनच अवघड आहे. अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. मशीनच्या विक्रेत्याला भेटायच्या आधी तिथल्या शास्त्रज्ञांना भेटा. सुरुवातीला मला तरी प्रतवारी करून, स्वच्छ डब्यात भरून ताजं फळ थेट शहरात विकणं जास्त शहाणपणाचं वाटतं. त्यात भांडवल कमी अडकतं आणि शिकायला भरपूर मिळतं.

एक रविवार वर्ध्याला जा. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ तिथे सुरू झाला आणि गांधीजींचे सहकारी जे. सी. कुमारप्पांनी मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, गूळ, मधमाशीपालन अशा कामांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस तेलघाणीतून तेल किती निघतं आणि पेंड कुणाच्या गोठ्यात जाते, याचा हिशेब मांडत बसायचा. १९३८ साली उघडलेलं मगन संग्रहालय आजही बघायला मिळतं. ते बघून आलात की आपापल्या गावच्या आठवडी बाजारात जाऊन एक यादी करा: गावातून कच्चा माल कोणता जातो आणि तोच तयार होऊन महाग भावानं परत कोणता येतो. जवस जातं, तेल परत येतं. तूर जाते, डाळ परत येते. तुमचा पहिला उद्योग कदाचित संत्र्याचा नसेल, डाळीचा असेल. त्या यादीवर गावातल्या बायांचं मत घेतल्याशिवाय कशातही पैसा घालू नका.

आमचं गाव रामटेक तालुक्यात, जंगलाला लागून आहे. मोहफुलं वेचतो. व्यापारी येतो, तो म्हणेल तो भाव. एक संस्था म्हणते, मोहाचे लाडू करा, आम्ही विकू. दुसरीकडे जंगलात आग लागते म्हणून वन खात्याचे लोक आमच्यावर रागावतात. आधी काय करावं?
— ग्रामपंचायतीची एक तरुण सदस्य

आधी आग. झाडाखालचा पालापाचोळा पेटवून जागा साफ केली की फुलं वेचायला सोपी जातात, ही जुनी सवय आहे. मार्च-एप्रिलच्या वाऱ्यात तीच आग पसरते. नवीन रोपटी जळतात आणि उद्याचा मोह आजच संपतो. झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या जोडून बांधल्या तर फुलं स्वच्छ मिळतात, माती लागत नाही, पहाटेपासून वाकून वेचायचे कष्ट वाचतात. खाण्यासाठी विकायची असतील तर फुलं अशीच गोळा झाली पाहिजेत. कुठल्या संस्थेला मदत करायचीच असेल, तर लाडवांच्या आधी तिच्याकडे जाळ्या मागा.

दुसरं, साठवण. फुलं पडतात तेव्हा गावात पैशांची गरज असते, म्हणून माल लगेच जातो, आणि तोच माल पावसाळ्यात चढ्या भावानं विकला जातो. गटानं हंगामात सदस्यांकडून रोख पैसे देऊन फुलं घेतली, नीट वाळवून कोरड्या जागी ठेवली आणि काही महिन्यांनी एकत्र विकली, तर व्यापाऱ्याशी बोलताना तुमचा आवाज बदलतो. यात लाडू कुठेच नाहीत, तरी कमाई आहे. लाडू पुढच्या वर्षी करा, आणि केले तर वर तिखटाचा मांडला तसाच हिशेब मांडून करा.

तिसरं काम ग्रामसभेचं आहे आणि तुम्ही सदस्य आहात म्हणून तुम्हालाच सांगते. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपज, म्हणजे मोहफुलांसारखा जंगलातला माल, गोळा करण्याचा आणि विकण्याचा मालकी हक्क दिला आहे, आणि परंपरेनं राखलेलं जंगल सांभाळायचा सामूहिक हक्कही दिला आहे. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये असा सामूहिक हक्क मिळाला. आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा वाहतूक परवाना मात्र ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडलं. मधली दोन वर्षं ते गाव मागे हटलं नाही. त्या गावाकडून शिकावं असं मला सर्वांत मोठं वाटतं ते त्यांचं अभ्यास मंडळ. निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीनं घ्यायचा, पण त्याआधी कायदा काय म्हणतो, झाडं किती, तोड किती सोसेल, हे बसून समजून घ्यायचं. तुमच्या गावात वनहक्क समिती आहे का, दावा केला होता का, तो उपविभागीय समितीकडे अडकला की जिल्हा समितीकडे, हे आधी लेखी विचारा. पेंच जवळ आहे, तेव्हा तुम्ही वेचता ते जंगल व्याघ्र प्रकल्पात येतं की प्रादेशिक वन विभागात, हेही नकाशावर बघून घ्या. पुढची सगळी बोलणी त्यावर अवलंबून आहेत.

मी निवृत्त बँक कर्मचारी. दरवर्षी थोडी रक्कम ग्रामीण विकासाच्या कामाला द्यावीशी वाटते. संस्था खरी आहे हे कसं ओळखायचं?
— एक वाचक, धरमपेठ

काका, देणगीवरच्या आयकर सवलतीचं प्रमाणपत्र (८०जी म्हणतात ते), लेखापरीक्षण अहवाल, धर्मादाय आयुक्तांकडे भरलेले हिशेब हे सगळं तुम्ही बघालच. तुम्हाला ताळेबंद वाचायला मी काय शिकवणार? त्यावरून पैसा योग्य जागी लिहिला गेला एवढं कळतं. काम कळायचं असेल तर संस्थेच्या कार्यालयात बसू नका, तिच्या जुन्या गावात जा. चालू प्रकल्पाचं गाव ते आपणहून दाखवतात. तुम्ही तीन-चार वर्षांपूर्वी काम संपलेलं गाव मागा. तिथल्या बायांना विचारा, भाव कोण ठरवतं, मशीन कुणाच्या नावावर आहे, मागच्या महिन्यात माल कुणी घेतला. उत्तरं संस्थेच्या कार्यकर्त्याकडे न बघता आली तर बिनधास्त पैसे द्या.

आणि देताना इमारतीसाठी किंवा मेळाव्यासाठी देऊ नका. गटाला हंगामात कच्चा माल घ्यायला रोख लागते, आणि बँकेचं कर्ज मंजूर होईपर्यंत भाव चढलेला असतो. त्या दोन महिन्यांसाठी गटांना फिरती रक्कम देता येईल असा निधी संस्थेत वेगळा ठेवायला सांगा, आणि तो परत येतो की नाही हे दर वर्षी विचारा. तुमची रक्कम थोडी असली तरी अशी फिरली तर दर हंगामात कामाला येईल. शिवाय तुम्ही आयुष्यभर बँकेत काम केलंत. महिन्यातला एक दिवस एखाद्या गटाच्या बायांसोबत बसून पासबुक आणि वही ताडून बघायला जाऊ शकलात, तर पैशांइतकीच त्याचीही गरज आहे. भिवापूरच्या ताईंच्या गटाला आत्ता असंच कुणी हवं आहे. तयार असाल तर या सदराच्या पत्त्यावर कळवा, मी गाठ घालून देईन.